आमच्या खोलीतले डॉक्टर टेसडॉर्फ

आमचं हिंटरटॉबेल हे तिरोलच्या डोंगरातलं शांत, पारंपरिक गाव आहे. तसं पर्यटनाच्या माहितीपत्रकातच छापलंय, म्हणजे असणारच. पण गाव शांत ठेवणं काही सोपं काम नाही. पाहुण्यांची झोपमोड होते म्हणून गेबहार्डने चर्चची पहाटेची घंटा हंगामापुरती बंद करून टाकली. गेबहार्ड माझा धाकटा भाऊ आणि गावचा सरपंच, त्यामुळे त्याला तोंडावर ऐकवायचा हक्क फक्त मला आहे. मग शेजाऱ्यांचा कोंबडा पलीकडच्या दरीत रवाना झाला. बर्फ काढायचं यंत्रही आता उजाडून बराच वेळ झाल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे गोठ्यात जायचं तर गुडघाभर बर्फ तुडवत जावं लागतं. एवढं सगळं आम्ही उरकलं, की पाहुणे खिडकीशी कॉफी पीत म्हणतात, तुमच्याकडे आयुष्य कसं आपोआप चाललेलं असतं.

माझं नाव नोटबुर्गा, पण सगळे बुर्गीच म्हणतात. नवरा अल्बान पाहुण्यांना स्की शिकवतो आणि मी त्याच पाहुण्यांना घरात ठेवून घेते, खाऊ घालते. मी स्वतः स्की पायात घालून किती वर्षं झाली ते विचारू नका. हंगामात इथल्या कुणालाच त्यासाठी फुरसत नसते.

हंगामाची आमची एक रीत आहे. ती माहितीपत्रकात नाही. डिसेंबर लागला की खोल्या देणारं प्रत्येक कुटुंब आपल्याच घरात खाली उतरतं. घरातली सगळ्यात चांगली खोली म्हणजे अर्थातच मालक-मालकिणीची. ती आवरायची, कपाट रिकामं करायचं, गाद्या उचलायच्या आणि तळघरात बॉयलरशेजारी जाऊन झोपायचं. माझ्या आईने हेच केलं, सासूने हेच केलं, आणि माझी धाकटी मुलगी त्या बॉयलरला धरूनच पहिलं पाऊल टाकायला शिकली. पाहुण्यांच्या कानावर मात्र यातलं अक्षर जाऊ द्यायचं नाही. यजमान जमिनीवर झोपतो हे कळलं तर पाहुण्याला अवघडल्यासारखं होईल, आणि पाहुण्याला अवघडवणं यापरतं दुसरं पाप हिंटरटॉबेलमध्ये नाही.

आमच्या खोलीत डॉक्टर टेसडॉर्फ उतरतात. ते दूर उत्तरेकडच्या लुबेक शहरातले, कायद्याचे डॉक्टर. बायको एकदाच आली होती, थंडी बघून जी परत गेली ती गेलीच. हे मात्र दर फेब्रुवारीला हजर. स्की त्यांना अजून धड येत नाही, पण आमच्या परंपरा त्यांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. मी डंपलिंगच्या सूपमध्ये कोथिंबिरीसारखं काही वेगळं घातलं तर चमचा खाली ठेवून म्हणायचे, "बुर्गीबाई, हे तुमच्याकडचं नाही हं." खोलीला न्हाणीघर जोडायचं ठरवलं तेव्हा त्यांनी असा चेहरा केला, की अल्बानने गवंड्याला दारातूनच परत पाठवलं.

भिंतीवर आमच्या लग्नाचा फोटो आहे. जुन्या वस्तू पाहुण्यांना आवडतात म्हणून तो तिथेच राहू दिलेला. एकदा त्यांनी विचारलं, "ही भोळी पोरगी कोण हो? तुमची पणजी का?"

त्यांच्या हातात भरलेला कप होता आणि चादर मी नुकतीच बदललेली होती. "असेल कुणीतरी," मी म्हटलं.

गेल्या हिवाळ्यात माझी पाठ गेली. तळघराची ओल, त्यात भर म्हणजे पाहुण्यांचे ओले बूट तिथेच वाळत असतात. तो वास एकदा नाकात बसला की ईस्टरपर्यंत जात नाही. म्हणून यंदा शरद ऋतूतच मी अल्बानला सांगून टाकलं, "हा शेवटचा हिवाळा. पुढच्या वर्षी आपल्या पलंगावर मी झोपणार. टेसडॉर्फना तू सांग."

"सांगतो की," अल्बान म्हणाला.

डिसेंबरात सांगतो म्हणाला, जानेवारीत सांगतो म्हणाला. डॉक्टर येऊन त्यांच्या पेट्या वर चढल्या, तेव्हाही जिन्यात थांबून माझ्या कानात "सांगतो" म्हणालाच. तोंडात मूग धरूनच हा माणूस जन्माला आलाय.

त्यातच डॉक्टरांचा सत्कार आला. वर्षानुवर्षं येणाऱ्या पाहुण्यांचा आम्ही जाहीर सत्कार करतो. दहा वर्षं आलात तर चांदीचा बिल्ला, वीस वर्षांना सोन्याचं पाणी दिलेला. डॉक्टरांची तीस वर्षं झाली. खानावळीच्या दालनात सगळं गाव जमलं. बायका घेरदार पारंपरिक पोशाखात, पुरुष चामड्याच्या विजारीत कुडकुडत, कोपऱ्यात बँड. गेबहार्डने गळा भरून आल्यासारखं भाषण केलं. मग कापडाखालून एक लाकडी पाटी काढली. तिच्यावर सुबक कोरलं होतं: डॉक्टर टेसडॉर्फ यांची खोली.

"ताई, ये, तूच दे त्यांना," तो म्हणाला. "आणि उद्याच दारावर ठोकून टाक, म्हणजे कायमचं होऊन जाईल."

मी उठले, पाटी हातात घेतली. अल्बानकडे पाहिलं. तो सूपमधलं डंपलिंग चमच्याने उगाच इकडेतिकडे ढकलत होता. माझं डोकं सणकलं.

"डॉक्टरसाहेब, ही पाटी मी लावणार नाही," मी म्हटलं. "ती खोली आमची आहे. तो पलंग माझ्या लग्नाचा आहे. भिंतीवरची ती भोळी पोरगी मीच. तुम्ही आलात की आम्ही तळघरात बॉयलरशेजारी झोपतो, तुमचे बूट वाळतात तिथे. मला माझा पलंग परत हवाय."

गावकऱ्यांनी माना खाली घातल्या, कारण प्रत्येकाच्या घरात एकेक बॉयलर होता. गेबहार्डचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने बँडला खूण केली आणि बँडने घाबरून पोल्का सुरू केला. डॉक्टरांनी हात वर करून तो थांबवला. त्यांचे डोळे भरून आले होते. मला वाईट वाटलं. म्हातारा माणूस, चारचौघांत शरमिंदा झाला, थोडं सबुरीनं घ्यायला हवं होतं, असं मनात आलंच.

"तीस वर्षं," ते म्हणाले. "तीस वर्षं तुम्ही खरं तिरोल माझ्यापासून लपवून ठेवलंत. मला वर कोंडलंत, एखाद्या पर्यटकासारखं. अस्सल जगणं खाली चाललं होतं, आणि मला पत्ताही नाही."

"म्हणजे?" गेबहार्डने विचारलं.

"म्हणजे आजपासून मी खाली झोपणार. बॉयलरशेजारी, जमिनीवर, जसं इथं पिढ्यान् पिढ्या झोपतात तसं."

टाळ्यांचा कडकडाट झाला. इतर पाहुणे उठून उभे राहिले. मागच्या टेबलावरच्या एका बाईने आपल्या यजमानिणीला तिथल्या तिथे विचारलं, "तुमच्याकडेही तळघर आहे का हो?" गेबहार्ड तर एवढ्यात सावरलाही होता. "पारंपरिक तळघरवास," तो स्वतःशीच पुटपुटला. "पुढच्या माहितीपत्रकात पहिल्या पानावर."

ती जागा माणसाने झोपायची नाही, हे सांगायला मी तोंड उघडलं.

"बुर्गी, गप्प बस," अल्बान म्हणाला. लग्न झाल्यापासून त्याने दिलेला हा पहिलाच कामाचा सल्ला. मी गप्प बसले.

सकाळी आमच्या पलंगावर जाग आली ती डोळ्यांवर ऊन आल्यामुळे. फेब्रुवारीत माझ्या डोळ्यांवर ऊन येतं हेच मला माहीत नव्हतं. खिडकीत अख्खा डोंगर उभा होता. शिखरावर गुलाबी, खाली निळसर, मधल्या उतारावर अजून कुणाच्या स्कीची रेघ उमटलेली नाही. अल्बान पलंगाच्या कडेला नुसता बसून राहिला होता.

"तू तर रोज त्याच डोंगरावर असतोस," मी म्हटलं.

"असतो. पण कुणीतरी सारखं पडत असतं. वर बघायला होत नाही."

मला रडू आलं, आणि संतापही आला. इतके हिवाळे हे माझ्याच घरात होतं. मी रोज वर येऊन पडदे उघडायचे, बघायचं असतं ते डॉक्टरांनी, आणि मी उशांचे अभ्रे काढत असायचे.

डॉक्टर न्याहारीला उशिरा वर आले. एका बाजूला वाकून चालत होते, कोटाला बुटांचा वास येत होता, गालावर सतरंजीची नक्षी उमटली होती. सगळ्या टेबलांवरचे पाहुणे त्यांच्याकडे आदराने बघत होते. "अस्सल," ते म्हणाले. "शब्दच नाहीत." आणि खुर्चीचा हात धरून बेताबेताने बसले.

सगळे डोंगरावर गेले तसे ते स्वयंपाकघरात आले आणि दार लोटून घेतलं.

"बुर्गीबाई," ते हळूच म्हणाले, "अनुभव फार मोठा आहे, त्याबद्दल वाद नाही. पण माझी पाठ जरा... म्हटलं आजपासून आपली वरची खोली पुन्हा..."

मी त्यांच्या कपात कॉफी ओतली, साखर पुढे सरकवली, आणि हंगामात फोनवर परक्या माणसांशी बोलते त्या गोड आवाजात म्हटलं, "माफ करा हं, डॉक्टरसाहेब. ती खोली भरलेली आहे."