खालच्या हुकाची साखळी

मी साखळी. शीळफाट्याच्या एका ट्रॅक्टरच्या सीटखाली गुंडाळून पडलेली असते. मला खणखणायची सवय, बोलायची नाही. पण आज गप्प राहवत नाही.

आधी गोदीत होते, मग भंगारात. तिथून महेंद्रदादाने मला उचललं. कुणाचा टँकर खड्ड्यात गेला, डंपर रुतला, की दादाला फोन यायचा. दादा ट्रॅक्टरवर, आणि मला अडकवायला त्याचा धाकटा भाऊ दिपेश. माझ्यावर ओलं गोणपाट टाकायचे, तुटलेच तर उसळून कुणाला लागू नये म्हणून. मग दिपेश हात वर धरायचा. तो हात खाली येईपर्यंत दादा क्लच सोडायचा नाही.

दहीहंडीच्या दिवशी दिपेश टेंभी नाक्याला गेलेला. दादा एकटाच खाडीवर रुतलेला डंपर काढायला आला. भरती चढत होती. ट्रॅक्टरचा खालचा हूक चिखलात बुडालेला. दादाने घाईत मला वर, सीटमागच्या दांड्याला लावलं. ओढ एवढ्या उंचावर बसली तशी पुढची चाकं उचलली गेली आणि ट्रॅक्टर मागे उलटला. दादा खाली सापडला आणि गेला; त्याला चिखलातून बाहेर काढलं त्याच्या बायकोने.

त्यानंतर मला कुणी हात लावला नाही. गंज चढला.

काल दुपारी त्याच खाडीत अनिशचा जेसीबी रुतला. अनिश दिपेशचा दोस्त. दिपेशने ट्रॅक्टर चालू केला, तर आवाज ऐकून मंजुळावहिनी, दादाची बायको, धावत आली आणि मडगार्डवर चढून बसली.

"वहिनी, उतर ना."

"नाय उतरत. चला भावजी."

खाडीवर अनिश घायकुतीला आलेला. "दिप्या, पाणी चढतंय रे. इंजिनात गेलं तर मालक मला इथंच गाडेल."

"गप रे. खेचतो ना."

दिपेश मागे वाकला. खालचा हूक चिखलात गेलेला. त्याने मला उचललं आणि वरच्या दांड्याला अडकवलं. तोच दांडा. मी जीव तोडून खणखणले. माझी भाषा कोण ऐकतंय?

वहिनीने ऐकली. "वर का लावली?"

"खालचा दिसत नाय."

"त्यांनाही दिसला नव्हता."

दिपेशने तिच्याकडे पाहिलं नाही. "मग जाऊ दे ना मला पण तसंच."

वहिनी ओरडली नाही. तिने मला दांड्यावरून काढलं, पदर खोचला आणि गुडघ्यावर बसून दोन्ही हातांनी चिखल उपसायला लागली. "तुम्ही जा खुशाल," ती म्हणाली. "पण मी परत कुणाला बाहेर काढणार नाय."

दिपेश उभाच राहिला. मग धपकन तिच्या शेजारी बसला आणि उपसायला लागला. रडत होता, नाकाडोळ्यात चिखल जात होता, पण हात थांबले नाहीत. पाणी जेसीबीच्या पायरीला लागलं तेव्हा कुठे हूक बोटांना सापडला.

मला खाली लावलं. वर गोणपाट आलं. वहिनी लांब, बाजूला जाऊन उभी राहिली आणि तिने हात वर धरला. दिपेश त्या हाताकडे वळून बघत बसला. अनिश शिव्या घालत होता तरी बघत बसला.

हात खाली आला. मी ताणले गेले, कडी कडी करकरली. ट्रॅक्टरची पुढची चाकं थरथरली, पण जमिनीवरच राहिली. अनिशने बकेटने रेटा दिला. चिखलाने मोठा आवाज करत जेसीबी सोडला.

"वहिनी, तुम्हालाच बोलवायला पाहिजे होतं आधी," अनिश म्हणाला.

"चहा पाज आता," वहिनी म्हणाली आणि मटकन खाली बसली.

आज सकाळी दिपेशने माझा गंज घासून काढला, तेल लावलं. दादा लावायचा तसंच, कडी कडी फिरवून.

उद्या मी तुमच्या कुणाच्या हातात आले, तर चिखलात गुडघे टेका आणि मला खाली लावा. पाणी चढत असलं तरी. वरचा दांडा हाताशी असतो, दादाच्याही हाताशी होता.