काउंटचा मुजरा

शिमग्यातल्या नमनाच्या खेळात भागोजी चाळीस वर्षं राजाच व्हायचा, आणि पडद्याबाहेर आला की आधी पुढच्या खुर्चीतल्या मानकऱ्याला वाकून मुजरा घालायचा. गावची रीतच तशी. त्याची पाठ दुखायची ती काही नुसती वयानं नव्हे.

यंदा त्याच्या लेकीनं, सावर्ड्याच्या शाळेत शिकवणाऱ्या दीपालीनं, वगासाठी भलताच राजा शोधून आणला. जर्मनीतला, आठशे वर्षांपूर्वीचा काउंट ओटफ्रीड. एक गढी आणि बारा गावं, एवढंच त्याचं राज्य. बादशहानं भरदरबारात गुडघे टेकायला सांगितलं, तर हा ताठ उभा राहिला. बादशहानं सहा गावं हिसकावून घेतली. उरलेल्या सहांवर त्यानं मरेपर्यंत राज्य केलं, पण पुन्हा दरबाराची पायरी काही चढला नाही.

"बारा गावांचा कसला डोंबलाचा राजा!" म्हणून मंडळी हसली. भागोजी हसला नाही.

रंगीत तालमीला मानकरी अप्पा खोत पुढ्यात येऊन बसले. पुठ्ठ्याचा मुकुट घालून भागोजी आला आणि न वाकता सरळ बोलायलाच लागला. वग संपताच अप्पांनी त्याला बोलावलं.

"मुजरा कुठाय रे?"

"काउंट वाकत नाय, अप्पा."

"मग काढ तो मुकुट. आता तू भागोजी. घाल मुजरा."

भागोजीनं मुकुट काढून काखेत धरला आणि होता तसाच उभा राहिला.

"त्याची सहा गावं जायची होती, तरी तो वाकला नाय," तो म्हणाला. "माझं काय जायचंय, अप्पा?"