दाढीआत्यांनी राजवाडा दिला, त्याची गोष्ट

नाटकाचे कपडे भाड्याने देणाऱ्या आत्यांना सगळी गल्ली दाढीआत्या म्हणायची. त्यांच्या दुकानाच्या दारातच दाढ्या टांगलेल्या असत. नवीन गिऱ्हाईक आत शिरलं की एखाद्या दरोडेखोराची दाढी थेट त्याच्या तोंडावर यायची आणि आत्या आत बसून खुदखुदायच्या.

आत्यांनी लग्न केलं नव्हतं. दुकान स्वतःचं, वरचा मजलाही स्वतःचा. त्या मजल्यावर संध्याकाळी गल्लीतली पोरं जमत. कुणी अभ्यास करी, कुणी चित्रं काढी, बाकीचे नाटकाच्या नावाखाली धिंगाणा घालत. पोरांच्या घरी जागा नव्हती आणि आत्यांच्या जागेत माणसं नव्हती, त्यामुळे दोघांचं छान जमलं होतं.

गुडघे कुरकुरायला लागले तसं आत्यांनी मृत्युपत्राचं मनावर घेतलं. वकीलबाईंना बोलावलं. लहानपणी याच दुकानातून मोर होऊन बाहेर पडताना बाईंचा पिसारा दारात अडकला होता, त्यामुळे त्यांना फार समजावून सांगावं लागलं नाही.

"दुकान, वरचा मजला, कपडे, सगळं पोरांना," आत्या म्हणाल्या. "शिकायला आणि नाटकं करायला. मी गेल्यावर इथे कुलूप लागता कामा नये."

"आणि भाचा?"

भाचा म्हणजे आत्यांच्या दिवंगत भावाचा एकुलता एक मुलगा. विमा कंपनीत साहेब होता. माणूस वाईट नव्हता, पण मनातल्या मनात त्याने वरच्या मजल्यावर स्वतःचा दिवाणखाना थाटून टाकला होता. मागे एकदा येऊन, कलिंगड बघावं तशा भिंतींवर टिचक्या मारून गेला होता.

"कोर्टात गेला तर तो हरेल," वकीलबाई म्हणाल्या, "पण तोवर पोरं वर्षानुवर्षं दाराबाहेर."

"मग त्यालाच देऊ दे की पोरांना," आत्या म्हणाल्या आणि गालातल्या गालात हसल्या.

रविवारी 'महत्त्वाचं काम आहे' असा निरोप मिळाल्यावर भाचा बायकोला घेऊन, इस्त्रीचे कपडे घालून हजर झाला. बघतो तर वरच्या मजल्यावर खुर्च्या मांडलेल्या, पोरांचे आईबाप बसलेले, आणि नाटक सुरू व्हायच्या बेतात.

"राजा आजारी पडलाय रे," आत्या काकुळतीने म्हणाल्या. राजा होणारा पोरगा ठणठणीत होता. आठवडाभर चांदीच्या मुठीची तलवार वापरायला देऊन आत्यांनीच त्याला घरी बसवलं होतं. "तू उभा राहा. मी पडद्याआडून सांगेन तसं बोल."

"मी? आत्या, काहीतरीच काय!"

"उठा ना," बायको म्हणाली. "घरी बरे हुकूम सोडता."

मुकुट चढला, दाढी चिकटली. पहिली वाक्यं भाच्याने चोरासारखी म्हटली. मग लोक हसले, आणि गडी तापला. शेला उडवू लागला. कुणी सांगितलं नसताना त्याने प्रधानाचा कान पिळला, तर टाळ्या पडल्या.

"प्रजाजनहो," पडद्याआडून आत्या कुजबुजल्या, "हा राजवाडा आजपासून मुलांचा!"

"हा राजवाडा," भाचा गरजला, "आजपासून मुलांचा!"

"आणि माझ्या कोणत्याही नातेवाइकाने..."

"आणि माझ्या कोणत्याही नातेवाइ..." भाच्याची जीभ अडखळली. त्याने पडद्याकडे पाहिलं. आत्यांनी डोळा मारला.

शिपाई झालेल्या चिमुरडीने त्याचा शेला ओढला. "म्हणा ना, राजेसाहेब!"

"...आडवं येऊ नये," भाचा दाढीतल्या दाढीत पुटपुटला. टाळ्यांनी खिडक्या खडखडल्या.

पडद्यामागे येताच तो उसळला. "तू मला फसवलंस!"

"फसवलं कुठे? तू जे बोललास त्याला कायद्यात काडीची किंमत नाही. विचार वकीलबाईंना."

"मग सरळ सांगायला काय झालं होतं?"

"सरळ सांगितलं असतं तर तू भिंती बघितल्या असत्यास. पोरं बघितली नसतीस." आत्या स्टुलावर टेकल्या. "तुझ्या बापाला गाणं शिकायचं होतं. शिकवणारं कुणी नव्हतं. बिचारा जन्मभर न्हाणीघरात गायला."

"बाबा बेसूर गायचे, आत्या."

"म्हणून तर म्हणते, शिकायला हवं होतं."

भाच्याला राग धरून ठेवायचा होता, पण बायको हसत सुटली आणि त्याचंही हसू फुटलं. तरी मान राखायला म्हणून दोन रविवार तो फिरकला नाही. मग एका सकाळी आला आणि जिन्यात उभा राहिला.

"या जिन्याला कठडा नाही. एखादं पोर पडलं म्हणजे?"

"मग तू बघ," आत्या म्हणाल्या. वकीलबाईंना बोलावून आत्यांनी मृत्युपत्रात त्याला मुख्य विश्वस्त नेमलं. पुढच्या रविवारी भाच्याने कठडा बसवून रंगवलाही, आणि त्याच दिवशी समोरचा औषधवाला आणि शेजारचा घड्याळवाला, दोघांच्या साक्षीने आत्यांनी मृत्युपत्रावर सही ठोकली.

"झालं बाई. आता डोळे मिटायला मी मोकळी," आत्या म्हणाल्या.

"एवढ्यात नाही हं," भाचा जिन्यातून ओरडला. "कठड्याचा रंग ओला आहे, गर्दी झेपायची नाही!"

"मेल्या, मरायला तुझी परवानगी घेऊ का?" म्हणत आत्यांनी कठड्याला हात लावला, आणि चांगला हिरवागार पंजा उमटवून समाधानाने खाली गेल्या.