सुरी पुढे धर

सफरचंदाची साल कुठेही न तुटता सलग सुटत होती, थोरल्या मुलाच्या मांडीवर वेटोळं घालत होती — हात माझाच आहे, म्हाताऱ्याला वाटलं, मीच मारून मारून घडवलेला — आणि मग एकदम ध्यानात आलं, की ही सुरी खोलीत आली तेव्हा दिसली नव्हती.

मांडीमागे धरली होती त्यानं. मनगट वळवून, धार मागे. आधी डावा तळहात पुढे आला, म्हाताऱ्याच्या मानेवरून, कानामागून सावकाश फिरला — "कसं वाटतंय, बाबा?" — आणि मगच सुरी उजेडात आली. उभा जन्म कत्तलखान्यात काढलेल्या माणसाला हा हात ओळखू येऊ नये? जनावराला सुरी दाखवायची नाही, आधी मान कुरवाळायची, ते निवलं की मग... हे त्यानंच शिकवलं होतं, आणि पोर एकदा विसरलं तेव्हा मूठ अशी हाणली होती तोंडावर, की पुढचा दात अर्धा गेला. रक्त थुंकून पोर पुन्हा कामाला लागलं. त्यानंतर कधी विसरलं नाही. आजही विसरलं नाही, गाढव.

म्हणजे ठरलंय तर.

आणि घरात सगळे कसे गोड! ज्या बायकोनं जन्मभर त्याच्याशी भांडून भाकरी वाढली, ती आता आवाज चढवत नव्हती. दाराआड रडून यायची आणि डोळ्यात कांदा गेला म्हणायची — त्याला वास सोसत नाही म्हणून घरात कांदा चिरणंच बंद होतं, हेही तिच्या लक्षात राहत नव्हतं. डॉक्टर पोट ह्याचं दाबायचा आणि बोलायचा थोरल्याशी. अल्सर आहे म्हणे, भरेल हळूहळू. भरेल! आत काहीतरी दात रोवून बसलंय, रात्रंदिवस लचके तोडतंय... अशा पांढुरक्या गाठी त्यानं फाडलेल्या पोटांत पाहिल्या होत्या. असली कलेजी तो दुकानात गिऱ्हाइकाला देत नसे, कुत्र्यांपुढे टाकायचा. त्या डॉक्टरचं नरडं धरावं, डोकं भिंतीवर आपटावं, आपटतच राहावं — नुसत्या विचारानं त्याला बरं वाटलं.

त्यानं थोरल्याचं मनगट पकडलं.

"डॉक्टर काय म्हणाला?"

"सांगितलं ना, बाबा. अल्सर—"

"सुरी पुढे धर आणि बोल!"

"आईनं शपथ घातलीय हो..." थोरला बोलून गेला.

म्हाताऱ्यानं मनगट पिळलं. पातं फिरलं, थोरल्याच्या अंगठ्यात रुतलं, सफरचंद लाल झालं. हाडं उरली होती अंगात, पण पकड शाबूत होती. दंडात जुना जोर चढत होता आणि लाज वाटावी इतकी मजा येत होती. पोराचा चेहरा पिळवटला. पिळवटू दे. मी काय बोकड आहे, कुरवाळून घ्यायला?

"कॅन्सर आहे," थोरला ओरडला. "कॅन्सर आहे, बाबा! सगळीकडे पसरलाय. काही करता येणार नाही म्हणाले. उन्हाळासुद्धा... सोडा ना हात!"

त्यानं सोडला. त्याला वाटलं होतं, खरं म्हणजे एक घाव आणि दोन तुकडे. कळलं की संपलं. पण घाव बसला आणि तो तसाच बसून राहिला, जिवंत, खिडकीतून रस्त्यावरचे हॉर्न ऐकत. उन्हाळासुद्धा... काय? सुरी हवी होती त्याला, मिळाली. आणि आता ती कुठे ठेवायची ते कळेना.

हात आपोआप उठला. थोरल्याच्या गालावर बसला, मग ओठांवर, मग मुठी वळून जमेल तिथे.

"खोटं! खोटं बोलतोस, हरामखोरा! दुकान हवंय तुला!"

थोरल्यानं हात वर केला नाही. त्याच्या अर्ध्या वजनाचं म्हातारं शरीर धापा टाकत त्याला मारत होतं, आणि तो मार खात बसून होता. अंगठ्यातलं रक्त शर्टाला पुसत त्यानं खाली पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "खोटं बोललो, बाबा. रागाच्या भरात बोललो. अल्सरच आहे."

म्हाताऱ्याच्या पोटात काहीतरी उबदार हललं. असेलही. पोरं घाबरली की बरळतात काहीबाही... अल्सरच असेल. निर्लज्जासारखी आशा त्याच्या छातीत धडका मारत होती आणि तिला आवरायचं त्याच्या हातात नव्हतं.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला, आणि उगारलेला हात त्यानं खाली घेतला नाही.