गोधडीखालचा श्वास

मित्रांनो, अकोल्याच्या एका दवाखान्यात, ऑपरेशन झालेल्या पेशंटला भूल उतरेपर्यंत ठेवतात त्या खोलीत मी काम करतो. मी एक जुना मॉनिटर. बोटाला माझा चिमटा लावला, की रक्तात प्राणवायू किती ते मी आकड्यात सांगतो. नवा होतो तेव्हा डॉक्टर माझं कौतुक करत. आता चिमट्याला चिकटपट्टी आहे आणि माझ्या डोक्यावर कुणीही चहाचा कप ठेवतं.

मला सारखी एक धास्ती असते. माझा आकडा उशिरा पडतो. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असला, तर श्वास अडकल्यावरही काही वेळ मी चांगलाच आकडा दाखवतो. म्हणून नर्सिंगच्या मुलींना शिकवताना रागिणी सिस्टर माझ्यावर टॉवेल टाकतात.

"आता सांगा, पेशंट कसा आहे? छाती पाहा. नाकाशी हात धरा."

परवा अकोटच्या गोदाबाईंना आणलं. भूल उतरताना हुडहुडी भरते. त्यांचे यजमान खुशालराव यांनी घरची गोधडी मास्कासकट तोंडावर ओढली. शिकाऊ आचलने माझ्याकडे पाहिलं. अठ्ठ्याण्णव. ती शेजारच्या खाटेकडे वळली.

तेवढ्यात गोधडीखालून येणारं गोदाबाईंचं घोरणं थांबलं. मला ओरडावंसं वाटलं. पण आकडा पडल्याशिवाय माझा भोंगा वाजत नाही.

आचल थबकली. "काका, काकू घोरत होत्या ना?"

"आता झोपली शांत. घरी तर रातभर इंजन चालू असते तिचं!"

आचलने गोधडी खाली ओढली.

"अवं पोरी, काहून काढून राहिली? थंडी वाजते ना तिले!"

"काका, सरका! सिस्टर, लवकर या!"

छाती धडपडत होती, पण नाकाशी वारा नव्हता. जीभ मागे पडून श्वासाची वाट अडली होती. आचलने दोन्ही हातांनी जबडा पुढे उचलला. तो तिने तसाच धरून ठेवला. आता कुठे माझा भोंगा वाजला. सिस्टर धावत आल्या, तोच खर्रकन श्वास आत गेला.

बऱ्याच वेळाने गोदाबाईंनी डोळे उघडले. "काय गलका करून राहिले बाप्पा? झोपूही देत नाही."

खुशालराव नुसते तिचा पाय धरून उभे राहिले.

मित्रांनो, असं रागावणारं माणूस ज्या घरात परत गेलं नाही, अशीही घरं आहेत. मला पुसा, माझी तार बदला. पण मी शेजारी आहे म्हणून पेशंटला एकटं सोडू नका.