एनिडची काटेरी बोंडं

आमच्या यॉर्कमध्ये संग्रहालयातल्या जुन्या, मौल्यवान खुर्चीवर वाळकं काटेरी बोंड ठेवलेलं दिसलं, की तिच्यावर बसायचं नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. माझी थोरली बहीण एनिड तसली दोन बोंडं पर्समध्येच घेऊन हिंडते.

त्या शनिवारी सकाळपासून तटबंदी, कॅथेड्रल आणि दोन संग्रहालयं पालथी घालून माझ्या पायांचे तुकडे पडले होते. तिसऱ्या संग्रहालयाच्या चहाघरात जेमतेम दोन घडीच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. एनिडने दोन्हींवर बोंडं ठेवली.

"चल आता रांगेत. कोणाची बिशाद आहे बसायची?"

"लाज नाही वाटत तुला?"

"पाय दुखत असले की नाही वाटत."

चहा घेऊन परतलो, तर गर्दी आमच्या खुर्च्यांना वळसा घालून चालली होती. एक गृहस्थ हात मागे बांधून बायकोला सांगत होते, "अठराव्या शतकातल्या असणार." एनिड बसायला वाकली, तसे ते कडाडले, "बाई, बोंड दिसत नाही का?"

अख्खं चहाघर वळून बघू लागलं. आता ही खरं सांगेल, असं मला वाटलं. कसलं काय! "माफ करा हं," म्हणत ती लालबुंद झाली आणि आम्ही उभ्यानेच चहा प्यायलो. बोंडं उचलायचीही तिची छाती झाली नाही.

पुढच्या महिन्यात तिथे गेलो, तर बोंडं तशीच होती आणि त्या दोन खुर्च्यांभोवती मखमली दोर लागला होता. मी हसत बोंडं उचलायला पुढे वाकले.

"मागे सर गं," एनिड माझ्यावरच खेकसली. "हात नको लावूस!"