उशाचा बोल्ट

"ओल्या बाळंतिणीनं भुताचा सिनेमा पाहू नये बाई. मनात काय शिरंल, सांगता येत नाही," शेजारच्या सिंधुताई म्हणाल्या होत्या.

मी हसले. "शिरली हडळ घरात तर बरंच की, सिंधुताई. लंगोट तरी धुवेल."

"हास, बी.ए. बाई, हास."

मी पलीकडच्या क्वार्टरमधल्या हिरालाही ओढून नेलं. तिचा मुलगा दीड महिन्याचा, माझी जया चार महिन्यांची. दोघींच्या डोळ्यांत झोप साचलेली. भिलाईच्या पोलाद कारखान्याची भट्टी पेटल्यापासून नवरे कधी येतात, कधी जातात, कळत नसे. कुठंतरी नुसतं बसायला मिळावं, एवढंच मला हवं होतं.

मैदानात पडदा लावलेला. पुढची जागा शिफ्टवरून सुटलेल्यांनी भरलेली, म्हणून आम्ही बायका पडद्यामागं बसलो. तिथून चित्र उलटं दिसतं, पण भूत भूतच असतं. बाळंतपणात मेलेली बाई रोज पाळण्याशी येते, रडणारं लेकरू उचलते आणि ते तिच्या हातात गार पडत जातं. बायका किंचाळत होत्या. मला मात्र तिनं लेकरू उचललं तेव्हा वाटलं, बरं झालं, आता घरातली माणसं झोपतील. मग आपण काय विचार केला ते कळलं. जयाला इतकं घट्ट धरलं की ती रडायला लागली.

हिरा ओरडली नाही. परतताना एवढंच म्हणाली, "मायच होती न ते? मायच मारते मंग."

"सिनेमा आहे गं."

"हो. सिनेमाच आहे."

पुढच्या आठवड्यात एका दुपारी तिचं बाळ रडायचं थांबेना. मी गेले. दार उघडंच होतं.

बाहेरचं काही येऊ नये म्हणून आमच्याकडे बाळाच्या उशाशी लोखंड ठेवतात. गावी विळा असतो. भिलाईत हिराच्या नवऱ्यानं, देवरावांनी, कारखान्यातून एक गंजका बोल्ट आणला होता आणि सिंधुताईंनी तो स्वतः उशाशी ठेवला होता. आता तो चादरीच्या मधोमध होता. एका बाजूला बाळ, दुसऱ्या बाजूला भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेतलेली हिरा.

"बोल्ट इथं कशाला?"

"उशाशी ठेवला तं बाहेरचं अडते, वहिनी. घरातलं कसं अडन?" तिनं माझ्याकडे पाहिलंही नाही. "पाजाले तेवढा घेतो याले. मंग मधात ठेवून देतो. मले माझाच भरोसा नाही राहिला."

मी बाळाला उचललं. बी.ए.ला तत्त्वज्ञानाची एवढी पुस्तकं वाचली होती, त्यांत हे कुठंच नव्हतं.

देवरावांना सांगितलं तर ते म्हणाले, "सिनेमाले तुमीच नेलं न, वयनी? उतरन भूत चार दिवसांत." सिंधुताई रोज सकाळी येऊन बाळाला न्हाऊ घालू लागल्या. दुपारी मी जाऊन बसायची. हिरा झोपायची, मी दोन्ही लेकरं सांभाळायची. कधी बसल्या बसल्या माझाच डोळा लागायचा. जाग आली की दिसायचं, जया हिराच्या मांडीवर, आणि बोल्ट उशाशी. घरात दुसरं कोणी असलं की तो उशाशी जायचा. आम्ही निघालो की पुन्हा मधे; दारातून मागं वळून पाहिलं की दिसायचं.

मग सिंधुताई सुनेच्या बाळंतपणासाठी गोंदियाला गेल्या. आणि यांची बदली राजहऱ्याच्या लोखंडाच्या खाणीवर झाली. निघताना हिरा म्हणाली, "जा न, मी आहो." दारात उभी होती. हात मोकळे होते तिचे; बाळ आत चादरीवर.

इथं आल्यापासून जया झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरते. मग मला हिरा आठवते.

तुम्ही भिलाईत असाल तर सेक्टर एकमध्ये जा. पाण्याच्या टाकीमागची ओळ, निळं दार हिराचं. वाटीभर साखर मागा, काहीही निमित्त काढा. आत गेलात की चादरीकडे पाहा. बोल्ट बाळाच्या उशाशी असेल तर चहा घेऊन परत या. मधे असेल तर लेकरू आपल्या मांडीवर घ्या, आणि तिला म्हणा, तू झोप.